मेळाव्याची पीपीटी ऐनवेळी का अडकते? मोठे फोटो, जड व्हिडिओ आणि आदल्या दिवशी करायचे उपाय

बेळगाव : "जरा थांबा हं, लोड व्हायलंय..."

शाळेचा मेळावा असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो की मंडळाचा सत्कार समारंभ, माइकवरून हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं, निवेदक एखादी आठवण सांगून वेळ मारून नेतो, मागच्या रांगेतली मंडळी चहाकडे वळतात.

तालुक्यातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात असंच झालं. जुन्या तुकड्यांचे फोटो, निवृत्त शिक्षकांच्या छोट्या मुलाखती, शाळेच्या पहिल्या इमारतीचं छायाचित्र असा पंचवीस मिनिटांचा स्लाइड शो ठेवला होता. दोन माजी विद्यार्थ्यांनी महिनाभर घरोघरी फिरून फोटो गोळा केले होते. चौथ्या स्लाइडला लॅपटॉप अडकला. बंद करून परत चालू केला, तर सातव्या स्लाइडवरच्या व्हिडिओचा नुसता आवाज आला, चित्र आलंच नाही. शेवटी जेवणाची वेळ झाली म्हणून तो भाग वगळला. फोटो नंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. पण पहिल्या रांगेत बसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या सरांकडे साधा बटणांचा फोन आहे. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांनाच तो बघायला मिळाला नाही.

ती फाइल नंतर माझ्याकडे आली. लॅपटॉप जुना आहे, प्रोजेक्टर खराब आहे, असं सगळे म्हणत होते. खरं कारण वेगळंच होतं. तेच इथं सविस्तर सांगतो, कारण अशा दहापैकी आठ फाइलींचं दुखणं हेच असतं आणि त्यावरचा उपाय तासाभराचा, बिनपैशाचा आहे.

पडद्याला लागतं किती, आपण देतो किती

आधी एक छोटा हिशोब बघू. तो कळला की पुढचं सगळं सोपं आहे.

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आजच्या साध्या फोनने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो आडवा ४००० आणि उभा ३००० ठिपक्यांचा असतो. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके.

आता पडदा बघा. फुल एचडी टीव्हीवर किंवा चांगल्या प्रोजेक्टरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २१ लाख ठिपके मावतात. शाळा-मंडळांत मिळणारे बरेच प्रोजेक्टर १२८० गुणिले ८०० चे असतात. तिथं सगळे मिळून १० लाख. म्हणजे आपण बारा माणसं आणतो आणि खुर्ची एकालाच आहे. उरलेल्या अकरांना उचलून आणणं, मोजणं आणि बाहेर ठेवणं हे काम लॅपटॉपला दर स्लाइडला करावं लागतं.

एलईडी वॉल असेल तर ठिपके जास्त असतील असं वाटतं. तसं नसतं. भाड्याने मिळणाऱ्या वॉलवर 'पी ३', 'पी ४' असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे दोन दिव्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. 'पी ४' ची बारा फूट रुंद वॉल घेतली तर आडवे ठिपके होतात जेमतेम नऊशे. भिंत मोठी दिसते, पण तिला लागणारा फोटो लहानच असतो.

दुसरी गोष्ट, फोनमधला चार एमबीचा फोटो चार एमबीच राहत नाही. तो घडी घालून ठेवलेल्या साडीसारखा असतो. कपाटात वीतभर जागा, उलगडली की खोलीभर. पडद्यावर दाखवायला लॅपटॉप फोटो उलगडतो तेव्हा एका ठिपक्याला चार बाइट या हिशोबाने १ कोटी २० लाख ठिपक्यांचे साधारण ४८ एमबी होतात. एका स्लाइडवर असे सहा फोटो लावले की जवळपास २९० एमबी, तेही एकाच स्लाइडसाठी! चार जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये विंडोज, अँटीव्हायरस आणि उघडा राहिलेला ब्राउझर आधीच ठाण मांडून बसलेले असतात. मग चक्र फिरणारच.

आधी निदान, मग औषध

फाइल जड आहे हे दिसतं, पण नेमकं काय जड आहे? ते बघायची एक सोपी युक्ती आहे. २००७ पासूनची पॉवरपॉइंट फाइल, म्हणजे जिच्या नावाच्या शेवटी पीपीटीएक्स असतं ती, खरं तर एक झिप फाइल असते.

फाइलची एक कॉपी करा. मूळ फाइलवर हा प्रयोग करू नका. विंडोजमध्ये फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग कॉपीच्या नावातलं शेवटचं पीपीटीएक्स पुसून तिथं झिप लिहा. विंडोज विचारेल, 'हो' म्हणा. आता ती फाइल उघडली की आत 'पीपीटी' नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत 'मीडिया' नावाचं फोल्डर दिसेल. सगळे फोटो, व्हिडिओ, आवाज तिथंच असतात. आकारानुसार क्रम लावा. सगळ्यात जड चीज सगळ्यात वर येईल.

माझ्याकडे आलेल्या फाइलचा आकार सव्वा जीबीच्या वर होता. मीडिया फोल्डर उघडल्यावर चित्र स्पष्ट झालं. तीनच व्हिडिओ, तेही मिळून सहा मिनिटांचे, पण त्यांचंच वजन एक जीबी. ऐंशी फोटो मिळून तीनशे एमबीच्या आसपास. शिवाय मागे पार्श्वभूमीला लावलेलं शाळेच्या इमारतीचं एक चित्र, एकट्याचं २२ एमबी. म्हणजे मंडळी 'फोटो फार झाले, कमी करा' म्हणत होती तेव्हा मुख्य ओझं व्हिडिओंचं होतं. निदान न करता औषध दिलं असतं तर निम्मे फोटो उगाच काढून टाकले असते.

फोटो हलके कसे करायचे

सगळ्यात आधी 'सेव्ह अॅज' करून नव्या नावाने फाइल साठवा. उदाहरणार्थ 'मेळावा-दाखवायची'. पुढचं सगळं याच फाइलवर करायचं.

स्लाइडवरच्या कुठल्याही फोटोवर क्लिक करा. वर 'पिक्चर फॉरमॅट' नावाची पट्टी येईल. तिच्यात 'कॉम्प्रेस पिक्चर्स' निवडा. समोर आलेल्या चौकटीत तीन गोष्टी बघायच्या:

- 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' समोरची खूण काढून टाका. ती राहिली तर एकच फोटो हलका होतो आणि आपल्याला वाटतं काहीच फरक पडला नाही. सगळ्यात जास्त चूक इथंच होते.
- 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' समोर खूण ठेवा. आपण फोटो कापतो तेव्हा कापलेला भाग फक्त लपतो, फाइलमधून जात नाही. गटाच्या फोटोतून एका सरांचा चेहरा कापून घेतला तरी अख्खी तुकडी आत बसलेली असते.
- रिझोल्यूशनमध्ये 'वेब, १५० पीपीआय' निवडा.

१५० च का? पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असते. १५० ने गुणलं की आडवे २००० ठिपके होतात. फुल एचडी पडद्याला लागतात १९२०. म्हणजे नेमकं माप. २२० चा पर्याय छपाईसाठी आहे. ९६ चा पर्याय ई-मेलसाठी आहे, साध्या प्रोजेक्टरवर तोही चालून जातो. पण जुन्या फोटोतले चेहरे ओळखायचे असतील तर १५० च्या खाली जाऊ नका.

जुने कागदी फोटो स्कॅन करून घेतले असतील तर एक वेगळी भानगड असते. स्कॅनरवाला बहुतेक वेळा ६०० डीपीआयवर स्कॅन करून पीएनजी किंवा टिफ फाइल देतो. छायाचित्रासाठी हे दोन्ही प्रकार जड. पडद्यासाठी जेपीजी बास. सहा बाय चार इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तरी १८०० गुणिले १२०० ठिपके मिळतात, स्लाइडला पुरेसे. पीएनजी ठेवायचं ते बोधचिन्हासाठी किंवा मागची बाजू पारदर्शक हवी असलेल्या चित्रासाठी.

पार्श्वभूमीचं चित्र विसरू नका. ते 'व्ह्यू' मधल्या 'स्लाइड मास्टर' मध्ये दडलेलं असतं. कुठून तरी आणलेल्या तयार टेम्पलेटमध्ये आपण कधीच न वापरलेले दहा-पंधरा लेआउट आणि त्यांची मोठी चित्रं असतात. तिथं जाऊन नको ते लेआउट काढून टाका. एक्सेलचा तक्ता चिकटवला असेल तर कधी कधी अख्खं वर्कबुक आत येऊन बसतं. असा तक्ता 'पेस्ट स्पेशल' मधून चित्र म्हणून चिकटवावा.

खरा भार व्हिडिओचा

हल्लीचे बरेच फोन फोर-के मध्ये चित्रीकरण करू शकतात. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, फुल एचडीच्या चौपट ठिपके. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच हिशोब लिहिलेला असतो. फोर-के, सेकंदाला ३० चित्रं, तर मिनिटाला १७० एमबी. तेच १०८० मध्ये ६० एमबी आणि ७२० मध्ये ४० एमबी. सहा मिनिटांच्या फोर-के मुलाखतींचं वजन एक जीबी का झालं ते यातून कळतं. आणि दाखवायच्या कुठे, तर १० लाख ठिपक्यांच्या प्रोजेक्टरवर.

वजनाइतकाच दुसरा प्रश्न आहे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबलेला आहे याचा. २०१७ पासून आयफोन आणि आता बरेच अँड्रॉइड फोन एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ ही पद्धत वापरतात. ती जागा वाचवते, पण उलगडायला ताकद जास्त लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी वेगळी सोय नसते, मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. विंडोजमध्ये तिचं एक्स्टेन्शन घातलेलं नसेल तर आवाज येतो आणि चित्र येत नाही. मेळाव्यात सातव्या स्लाइडला नेमकं हेच झालं होतं. लॅपटॉप बिघडला नव्हता, त्याला ती भाषाच येत नव्हती.

पॉवरपॉइंटला सगळ्यात मानवणारा प्रकार म्हणजे एमपी४ फाइल, तिच्यातलं चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी. हा प्रकार दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही सहज चालवतो.

व्हिडिओ बदलून घ्यायला 'हँडब्रेक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. व्हिडिओ त्यात ओढून टाका, प्रीसेटमध्ये 'फास्ट ७२०पी३०' किंवा 'फास्ट १०८०पी३०' निवडा आणि 'स्टार्ट' दाबा. बोलणाऱ्या माणसाच्या मुलाखतीला ७२० भरपूर होतं. मिनिटाचं वजन १७० एमबीवरून साधारण १५-२० एमबीवर येतं. हा नवा व्हिडिओ स्लाइडमध्ये घाला, जुना काढा.

हे जमणार नसेल तर पॉवरपॉइंटमध्येच सोय आहे. 'फाइल' मग 'इन्फो' मग 'कॉम्प्रेस मीडिया'. तिथं १०८०, ७२० आणि ४८० असे पर्याय मिळतात. शेजारीच कधी 'ऑप्टिमाइझ कम्पॅटिबिलिटी' दिसतं. दुसऱ्या लॅपटॉपवर व्हिडिओ चालेल ना, ही शंका असेल तर ते आधी दाबा. ही सोय विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये आहे, मॅकवर नाही. मॅकवाल्यांनी हँडब्रेकच वापरावं.

व्हिडिओचा मधला तुकडाच दाखवायचा असेल तर 'प्लेबॅक' मधलं 'ट्रिम व्हिडिओ' वापरतात. पण फोटोच्या कापलेल्या भागासारखंच इथंही होतं. कापलेलं आतच राहतं. ट्रिम केल्यावर 'कॉम्प्रेस मीडिया' चालवलं तरच तो भाग जातो. सरांची वीस मिनिटांची मुलाखत घेऊन दोन मिनिटं दाखवताना हे ध्यानात ठेवा.

व्हिडिओ आत न घालता 'लिंक टू फाइल' करायचाही एक मार्ग आहे. त्याने पीपीटी एकदम हलकी दिसते. पण ऐनवेळी कोणी तरी फक्त पीपीटी पेन ड्राइव्हवर घेऊन जातं आणि व्हिडिओ घरच्या संगणकावर राहतो. लिंक करायचीच असेल तर आधी पीपीटी आणि व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवा, मग लिंक करा, आणि न्यायचं ते अख्खं फोल्डर. आपल्या कार्यक्रमांत फाइल तीन-चार हातांतून फिरते. त्यामुळे हलका केलेला व्हिडिओ आतच घालणं बरं.

मागे वाजणाऱ्या संगीताचंही बघून घ्या. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला दहा एमबी खाते. तेच गाणं १२८ केबीपीएस एमपी३ मध्ये मिनिटाला जेमतेम एक एमबी होतं. हॉलच्या स्पीकरवर मागे मंद वाजणाऱ्या सनईत फरक कुणालाही कळणार नाही.

मूळ फोटोला हात लावायचा नाही

इथं जरा थांबून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

'कॉम्प्रेस' केलेला फोटो परत मोठा होत नाही. टाकून दिलेले ठिपके कायमचे गेले. एका सभागृहातल्या एका संध्याकाळीसाठी हे ठीक आहे. पण ज्या पीपीटीत आपण फोटो हलके केले ती पीपीटीच उद्या संस्थेचा एकमेव अल्बम होऊन बसते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. फोटो ज्यांच्या घरून आणले त्यांना कागदी प्रत परत दिली, स्कॅन करणाऱ्याने संगणक फॉरमॅट केला, आणि दहा वर्षांनी स्मरणिका छापायची वेळ आली की हातात असतो तो ९६ पीपीआयचा धूसर चेहरा. छपाईला ३०० डीपीआय लागतं. तेव्हा डोक्यावर हात मारून उपयोग नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या संस्थांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. बेळगाव-खानापूर-निपाणीतली शाळा असो, इंदूर-ग्वाल्हेरमधलं मंडळ असो, वडोदऱ्यातलं वा हैदराबादमधलं वाचनालय असो, या संस्थांचा इतिहास बराचसा कुणाच्या तरी ट्रंकेतल्या फोटोंत आणि जुन्या माणसांच्या आठवणींतच आहे. तो आपणच सांभाळायचा आहे.

म्हणून दोन फोल्डर करा. एकाचं नाव 'मूळ'. त्यात ६०० डीपीआयचे स्कॅन, फोनमधले पूर्ण आकाराचे फोटो, मुलाखतींचे न कापलेले व्हिडिओ. हे फोल्डर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क संस्थेत आणि एक कुणाच्या तरी घरी. दुसऱ्याचं नाव 'दाखवायचे'. हलकं करायचं ते फक्त यातलं.

फोटो मागवताना व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून मागवू नका. तिथं तो वाटेतच लहान होतो. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा, म्हणजे आहे तसा येतो. पडद्यावर दाखवायला लहान झालेलाही चालेल, पण 'मूळ' फोल्डरला तो चालत नाही.

दोन लिप्यांचा कार्यक्रम आणि फॉन्ट

सीमाभागात निम्मे कार्यक्रम दोन भाषांचे असतात. बेळगावात मराठी आणि कन्नड, वडोदऱ्यात मराठी आणि गुजराती, हैदराबादेत मराठी आणि तेलुगू. एका लॅपटॉपवर सुंदर दिसणारी स्लाइड दुसऱ्यावर गेली की अक्षरांचा चुरा होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असलं की हे हमखास होतं.

त्यावर लोक 'एम्बेड फॉन्ट्स' करतात. फॉन्ट फाइलच्या आत जातात, पण वजन वाढतं. करायचंच असेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' मध्ये 'ओन्ली द कॅरेक्टर्स यूज्ड' हा पर्याय घ्या. त्याहून सरळ उपाय म्हणजे युनिकोडमध्ये टाइप करा आणि 'निर्मला यूआय' वापरा. विंडोज ८ पासून हा फॉन्ट विंडोजसोबतच येतो आणि त्यात देवनागरी, कन्नड, गुजराती, तेलुगू सगळं आहे. एकच फॉन्ट, आत काही भरावं लागत नाही.

पीपीटीऐवजी सरळ व्हिडिओच केला तर?

फोटो मागून फोटो, मागे संगीत, मध्ये कुणी बोलणार नाही, असा शो असेल तर पीपीटी नेऊच नका. सगळं हलकं करून झालं की 'फाइल', 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट अ व्हिडिओ' मध्ये जा, १०८० किंवा ७२० निवडा, प्रत्येक स्लाइडला किती सेकंद ते सांगा. एक एमपी४ फाइल तयार होईल. ती व्हीएलसीवर चालते, पेन ड्राइव्हवरून बहुतेक टीव्हींवर चालते, फॉन्टची कटकट नाही. निवेदकाने मध्ये बोलायचं असेल तर व्हीएलसीमध्ये स्पेसबार दाबला की थांबतं.

लिबरऑफिस इम्प्रेस वापरणाऱ्यांसाठी 'टूल्स' मध्ये 'मिनिमाइझ प्रेझेंटेशन' आहे. फोटोंचं रिझोल्यूशन, कापलेले भाग, न वापरलेल्या मास्टर स्लाइड, सगळं एका खेपेत करून मिळतं. गूगल स्लाइड्सवर काम केलं असेल तर एक लक्षात घ्या, त्यातला व्हिडिओ यूट्यूबवरून किंवा ड्राइव्हवरून, म्हणजे नेटवरून येतो. मंगल कार्यालयात पाचशे माणसांच्या गर्दीत मोबाइल नेटवर्कचा भरवसा धरू नका.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

हलकी फाइलही चुकीच्या पद्धतीने चालवली तर अडकते. म्हणून ही छोटी यादी:

१. पेन ड्राइव्हवरून थेट शो चालवू नका. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ६० एमबी. स्वस्त पेन ड्राइव्हने २० एमबी दिले असं धरलं तरी सव्वा जीबी नुसतं वाचायलाच मिनिट जातं. फाइल आधी लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी करा.

२. मेलवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल 'प्रोटेक्टेड व्ह्यू' मध्ये उघडते. वर पिवळी पट्टी दिसली तर 'एनेबल एडिटिंग' दाबा, नाही तर व्हिडिओ चालत नाहीत.

३. ब्राउझर, व्हॉट्सअॅप, बाकी सगळं बंद. चार्जर लावलेला हवा. बॅटरी वाचवायच्या नादात लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो.

४. 'स्लाइड शो' पट्टीतल्या 'सेट अप स्लाइड शो' मध्ये रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० ठेवा. जुन्या लॅपटॉपला मोठा आराम पडतो. तरी अडखळत असेल तर 'यूज प्रेझेंटर व्ह्यू' ची खूण काढा. दोन पडदे एकाच वेळी रंगवायचं काम वाचतं.

५. मोठ्या फोटोंवर फिरणारे, उलटणारे, विरघळणारे परिणाम लावू नका. साधं 'फेड' किंवा काहीच नाही. लोक चेहरे बघायला आलेले असतात.

६. हॉलवर, त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरला जोडून पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा. घरी चाललं म्हणजे तिथं चालेल असं नाही. सगळे व्हिडिओ निदान दहा सेकंद वाजवून बघा.

७. त्याच शोची एमपी४ आवृत्ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर खिशात ठेवा. पीपीटीने दगा दिला तर व्हीएलसी आहे.

एवढं करून काय झालं?

त्या मेळाव्याच्या फाइलचं सांगतो. तीन व्हिडिओ ७२० वर आणले आणि नको तो भाग कापला. फोटो १५० पीपीआयवर आणले, मागचं २२ एमबीचं चित्र बदललं, न वापरलेले लेआउट काढले. सव्वा जीबीची फाइल शंभर एमबीच्या आसपास आली. एकही फोटो कमी केला नाही. तोच लॅपटॉप, चार जीबी रॅमचा. पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत कुठं अडखळला नाही.

फोटो गोळा करणाऱ्या त्या दोघांनी मग एका रविवारी लॅपटॉप उचलला आणि सरांच्या घरी गेले. सर समोर खुर्ची ओढून बसले. पहिल्या तुकडीचा फोटो आला तसा त्यांनी हात वर करून शो थांबवायला सांगितला आणि एकेका मुलाचं नाव घ्यायला सुरुवात केली. दोघांपैकी एकाने घाईघाईने वही काढली. 'मूळ' फोल्डरमध्ये आता त्या नावांची यादीही आहे.